ज्याचा विळा, त्याचं गवत

बीड जिल्ह्यातून परत येऊन आठवडा झाला. सलवारीतून अजून कुसळं निघतात आणि डोक्यातून तो डोंगर काही निघत नाही. "कसा झाला प्रवास?" असं जो विचारतो त्याच्यावर मी उगाच खेकसते. कालच शेजारच्या सुनेवर खेकसले, बिचारी विरजण मागायला आली होती. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे लोकांना वाचता येईल आणि मला गप्प बसता येईल.

मी कराडजवळची. भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि आमच्या भागातल्या डोंगरांना दर उन्हाळ्यात वणवे लागतात ते रोखणाऱ्या एका गटात शिरले. काम सोपं आहे. आग यायच्या आधी डोंगराच्या माथ्यावर गवत कापून, काडीकचरा झाडून एक उघडा पट्टा करायचा. त्याला जाळरेषा म्हणतात. आग पट्ट्यापाशी आली की तिला खायला काही मिळत नाही आणि ती विझते. यात न समजण्यासारखं काय आहे, असं मला जाण्यापूर्वी वाटत होतं.

अंबाजोगाई

बोलावणं सोनवण्यांचं होतं. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ एका शिबिरात भेटले होते. त्यांचं आजोळ शिरूर कासार तालुक्यातलं, डोंगराखालचं एक गाव. तिथं त्यांनी वनखातं, ग्रामपंचायत आणि गावकरी यांना एकत्र आणून वणवा समिती केली होती. "जयभीम मॅडम, या या," म्हणत त्यांनी दारातच माझी पिशवी घेतली आणि पायावर पाणी पडायच्या आत समितीबद्दल सांगायला लागले.

"समिती लई भारी झालीय. तुमी फक्त येऊन बघा आणि चार शब्द सांगा."

त्यांच्या पत्नीनं बाजरीची भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी वाढली. भाजलेली धान्यं आणि मसाला एकत्र दळून हे येसर करून ठेवतात. पाण्याला उकळी आली की त्यात कालवायचं, की झाली आमटी. आमच्याकडे कटाच्या आमटीसाठी आधी पुरण घालावं लागतं, तेव्हा कुठे ती मिळते. मी तीनदा वाढून घेतली. सगळ्या प्रवासात कुठलीही अडचण न येता पार पडलेली ही एकमेव गोष्ट, म्हणून मुद्दाम नोंदवते.

डोंगराखाली

दुसऱ्या दिवशी गावात पोचलो. वाटेत युसूफ वडगावला सोनवण्यांनी हरभऱ्याचे डहाळे घेतले होते, ते सोलत सोलत आम्ही शिरलो तर गाव चिडीचूप. घरोघरी कुलपं. अंगणात शेळ्या येऊ नयेत म्हणून दाराला बाभळीचे फेस, म्हणजे काटेरी फांद्या, आडवे लावलेले. पारावर एक म्हातारा आणि त्याच्या डोक्यावर भला मोठा बॅनर. 'आमचा डोंगर, आमची जबाबदारी.' खाली समितीच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, सगळे गॉगल लावलेले.

"अध्यक्ष कुठे आहेत?" मी विचारलं.

"ऊसतोडीला गेल्यात," म्हातारा म्हणाला.

"उपाध्यक्ष?"

"त्येबी."

"मग सचिव?"

"समदेच गेल्यात की बाई. म्या आश्रुबा. सदस्य हाय. कंबर धरली म्हणून ऱ्हायलो, न्हाई तर म्याबी गेलो आसतो बगा."

मी सोनवण्यांकडे पाहिलं. ते डहाळ्यातला एकेक घाटा फार लक्ष देऊन सोलत होते.

"समिती कधी केली?"

"पोळ्याला," आश्रुबा म्हणाला. "तवा समदे गावात असत्यात."

पोळा पावसाळ्यात. तेव्हा डोंगर हिरवागार आणि गाव भरलेलं. दिवाळीच्या आसपास टोळ्या कोयते घेऊन निघतात आणि गुढीपाडव्याच्या पुढे परततात. गवत वाळतं आणि आग लागते ती नेमकी याच मधल्या काळात. म्हणजे आग नसते तेव्हा समिती असते आणि आग असते तेव्हा समिती नसते. हे एवढ्या सगळ्या खात्यांच्या, पंचायतीच्या आणि सोनवण्यांच्या लक्षात येऊ नये?

"आणि गेलेत कुठे?"

"तुमच्याकडंच की. कऱ्हाडाकडं."

मी त्यांच्या डोंगरावर आणि ते माझ्या उसात. मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढे आणखी होतं. आग विझवायला खात्यानं हवेचा झोत मारणारं एक ब्लोअर यंत्र दिलं होतं. ते ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत कुलपात होतं आणि किल्ली अध्यक्षांच्या करगोट्याला, म्हणजे पुन्हा कराडात. कुलूप तोडा म्हटलं तर आश्रुबा म्हणाला, "समितीचं कुलूप हाय. अध्यक्षाबिगर कोण तोडंल?" शेवटी सोनवण्यांनी शिरूरहून रशीदभाई नावाच्या मेस्त्रीला आणलं. त्यानं कुलपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार उचलून भिंतीला टेकवलं, यंत्र बाहेर काढलं, त्याचा कार्बोरेटर साफ केला आणि म्हणाला, "कुलपाला हात लावला न्हाई, बघा." आश्रुबानं वाकून पाहिलं, कुलूप जागेवर होतं, आणि त्याचं समाधान झालं. माझं नाही झालं, पण मला कोणी विचारलं नाही.

डोंगरावर

सकाळी वनरक्षक शीतल आम्हाला वर घेऊन गेली. पंचविशीतली सडपातळ मुलगी, एवढ्या मोठ्या डोंगराला एकटी. पांढरं पडलेलं, कमरेएवढं गवत. वाऱ्यानं ते एका अंगाला झुकलं की मधूनच मोर दिसायचे. सुंदर होतं, हे मी रागातही कबूल करते. दोनदा घसरून बसले आणि सगळ्या कपड्यांना कुसळं लागली, तरीही कबूल करते.

माथ्यावर जाळरेषा काढलेली होती. खरंच होती, चांगली हातभर नव्हे तर गाडी जाईल एवढी रुंद. मी खूश होऊन चालायला लागले आणि थोड्या वेळात ती संपली. पुढे उभं गवत. गवत ओलांडलं की पुन्हा पट्टा. पुन्हा गवत. म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखी ती रेषा मध्येमध्ये रिकामी होती.

"हे काय?"

"वाटे आहेत, मॅडम," शीतल कंटाळलेल्या आवाजात म्हणाली. हे तिनं अनेकांना सांगून झालं असावं.

या डोंगरावर चराईबंदी आहे, पण गवत कापून न्यायची मुभा आहे. त्यासाठी माथ्यापासून पायथ्यापर्यंत घरटी वाटे पाडलेत, दोन वाट्यांच्या मध्ये चुना फासलेले दगड. एका दुष्काळात काही जणांनी आपल्या वाट्यातलं गवत न कापता अडवून ठेवलं आणि दुसऱ्यांची जनावरं उपाशी राहिली. तेव्हा गावानं नियम केला, ज्याचा विळा त्याचं गवत. एखाद्याच्या वाट्यात दुसऱ्यानं विळा घातला आणि त्यानं अडवलं नाही, तर त्या वर्षी तो वाटा दुसऱ्याचा. नियम शहाणपणाचा होता. पण आता जे तोडीला गेले त्यांच्या वाट्यात जाळरेषेपुरता जरी कोणी विळा घातला, तरी सगळं गवत त्याचं होणार. म्हणून जो तो आपल्यापुरता पट्टा कापून थांबला होता.

"आगीला हे वाटे माहीत आहेत का?" मी विचारलं. आश्रुबा म्हणाला, "आगीचं आमी काय सांगावं?"

सगळ्यात रुंद खिंड होती अध्यक्षांच्या वाट्यात. अध्यक्षांचं नाव दत्ता. तो आणि बायको तोडीवर, घरी त्याची आई गयाबाई आणि एक गाभण गाय. गयाबाईचा उजवा हात मोडलेला, कोपरापर्यंत प्लास्टर. तिच्या अंगणात आम्ही बसलो तेव्हा ती डाव्या हातानं गाईच्या अंगावरचे गोचीड काढत होती.

"मावशी, तुमच्या वाट्यात पट्टा कापायला हवा."

"कापाय पायजे. पर कुनी? ह्या आश्रुबानं का?" तिनं हनुवटीनं त्याच्याकडे दाखवलं. तिच्या शेजारचाच वाटा त्याचा. "गेल्या सालाला सोताच्या चुलत्याच्या वाट्यात मदत करतो म्हनून विळा घातला आन् समदं गवत घरी नेलं यानं."

"नियमानं नेलं," आश्रुबा म्हणाला.

"तेच म्हन्ते म्या. नियमानंच नेतोस तू."

तिनं मला शांतपणे समजावलं. टोळी परत येईपर्यंत डोंगराचं गवत पुरलं तर गाय राहील. नाही पुरलं तर बाजार दाखवायचा, असं दत्ता जाताना सांगून गेलाय. दाराशी दुसरं जनावर नाही आणि ही पहिलारू, पहिल्याच वेताची. बाई कमी बोलणारी होती, पण हे बोलताना तिचा हात गाईच्या पाठीवर थांबला होता.

टोळी कुठल्या शिवारात उतरलीय ते विचारलं, तर ते आमच्याच मळ्याशेजारचं निघालं. मी माझ्या भावाला फोन लावला. "दादा, आपल्या मळ्याशेजारी बीडची टोळी उतरलीय. त्यात दत्ता कोण ते बघ आणि त्याला फोन दे."

"तू बीडात जाऊन बसलीस आणि मला फडात पाठवतीस व्हय?" दादा म्हणाला, पण गेला. तासाभरानं दत्ताचा आवाज आला, मागे कोयत्यांची सपसप.

"बाई, म्या अध्यक्ष हाय खरा. पर गावात आई असताना म्या कोन सांगनार? आईला इचारा."

मी फोन गयाबाईपुढे धरला. ती म्हणाली, "म्या कोन? अध्यक्ष त्यो हाय."

मी फोन बंद केला आणि अंगणातून उठून दोन फेऱ्या मारल्या. मग म्हटलं, शीतल कापेल. आश्रुबा म्हणाला, नको, वनखात्यानं विळा घातला तर गवत खात्याचं होईल. सोनवणे? त्यांच्या मामेभावाचा वाटा आहे. रशीदभाई? त्याच्या बहिणीच्या शेळ्या याच गावात अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, सांभाळायला दिलेल्या आहेत.

गयाबाई माझ्याकडे बघत होती. "बाई, तुमचं हितं कोन हाय?"

"कोणी नाही."

"सोयरं? जनावर?"

"काही नाही."

"मग तुमी कापा. तुमच्या विळ्याला वाटा न्हाई."

आश्रुबानं विचार केला आणि मान डोलावली. सोनवण्यांना तर हे फार आवडलं. म्हणजे चार शब्द सांगायला आलेली मी, गुडघ्याला पट्टा बांधून विळा घेऊन डोंगर चढले. बाकी सगळे बांधावर बसून मला विळा कसा धरायचा ते सांगत होते. कापलेलं बाजूला झाडायला मात्र सगळे पुढे, कारण झाडणीचा नियम नाही. पहिल्या दिवशीच तळहाताला फोड आले. आश्रुबा म्हणाला, "लई सावकाश कापता तुमी. मास्तरकी केलेली दिसतीया." मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

गयाबाईचा वाटा मी आधी घेणार होते. तिनंच अडवलं. "दुसऱ्यांचे आधी कापा. न्हाई तर म्हन्त्याल, अध्यक्षाच्या आईनं पाव्हनी धरून आपलंच करून घेतलं." मी वाद घातला, पण तिच्यापुढे वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी दुसरीकडून सुरुवात केली.

वारा

सगळे वाटे झाले. गयाबाईचा राहिला. दुपारी भाकरी खायला खाली उतरलो होतो आणि उद्या सकाळी तो संपवायचा असं ठरलं होतं. ठेच्याचा पहिला घास तोंडात गेला आणि शीतलची शिट्टी ऐकू आली.

माथ्यापलीकडच्या गावात कोणीतरी बांधावरचा कचरा पेटवून जेवायला घरी गेला होता. वारा पलीकडून आमच्याकडे. मी आयुष्यभर मुलांना वारे शिकवले, पण तो आवाज फळ्यावर काढता येत नाही. सगळे वर धावलो. म्हाताऱ्या बाया लिंबाचे डहाळे घेऊन, रशीदभाई ब्लोअर पाठीला लावून, सोनवणे पाण्याचा ड्रम असलेली गाडी दगडांतून चढवत.

पट्ट्यापाशी आग आली आणि अडली. जिथं जिथं मी रडतखडत कापलं होतं तिथं ती खाली बसली. मला ओरडावंसं वाटलं, पण धुरानं तोंड उघडता येईना. मग ती आडवी सरकत गयाबाईच्या खिंडीकडे निघाली.

"आश्रुबा, काप," मी ओरडले. "नियम राहू दे."

तो विळा घेऊन पुढे झालाही होता. पण शीतलनं त्याला मागे ओढलं. आता कापण्याएवढा वेळ नव्हता. ती गयाबाईकडे वळली. "आजी, एकच उपाय आहे. खालच्या पाऊलवाटेपासून तुमचा सगळा वाटा वर पेटवायचा. आग आगीला भेटेल आणि दोन्ही विझतील. नाही तर सगळा डोंगर जाईल. पण तुमचं गवत..."

गयाबाईनं एकदा खाली गावाकडे पाहिलं. मग डावा हात पुढे केला. "काडी वढून द्या. पेटवनार म्या."

शीतलनं काडी ओढली. गयाबाईनं ती गवताला लावली आणि प्लास्टरचा हात छातीशी धरून वाट सोडून मागे सरली. आम्ही दोन्ही बाजूंच्या चुना फासलेल्या दगडांवर उभे राहून झोडपत होतो. दोन ज्वाळा मध्ये भेटल्या, माणसाच्या दुप्पट उंच झाल्या आणि बसल्या. डोंगर वाचला. त्यात मधोमध एक काळा वाटा. गयाबाई त्याच्या कडेला उकिडवी बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि मला रडू आलं. ती म्हणाली, "धूर गेला का डोळ्यात?"

पारावर

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर बैठक. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. प्रत्येकानं आपल्या वाट्यातलं थोडं गवत गयाबाईला कापू द्यायचं. पण नाही.

"नियमात काडीचं काय न्हाई," आश्रुबा म्हणाला. "नियम विळ्याचा हाय."

"तिला दुसऱ्याच्या वाट्यात विळा घालू दिला, तर तो वाटा तिचा होतो," एक म्हातारी म्हणाली. "जे तोडीला गेल्यात ते आल्यावर आमी काय सांगायचं?"

"आन् उद्या कुनीबी म्हनंल, आमचं बी जळालं."

मी उठले. "अहो, तुमचं सगळ्यांचं गवत उभं आहे ते हिच्यामुळं! तिची गाय बाजारात जाणार आणि तुम्ही नियम सांगता?"

"बरोबर हाय बाई तुमचं," आश्रुबा म्हणाला. "पर नियम त्यो नियम."

"मग माझा विळा पडलाय ना सगळीकडे? माझं गवत मी तिला देते."

"तुमाला वाटा न्हाई. म्हनून तर कापू दिलं."

गयाबाई उठून गेली. चहा आला. मी तो न घेता सोनवण्यांना म्हटलं, गाडी काढा. ते बिचारे माझ्यामागून पळत आले. या गावाला डोंगर राखण्याची नव्हे, नियम राखण्याची हौस आहे, असं मी त्यांना सुनावलं. त्यांच्या मामाचं गाव, त्यामुळे त्यांना ते लागलं असणार, पण माझी जीभ आवरली नाही.

सामान आवरून दुपारी निघालो आणि जाता जाता शीतलचा निरोप घ्यायला डोंगरावर गेलो. ती माथ्यावर होती. आमच्याकडे पाठ करून पलीकडच्या गावाचे बांध दुर्बिणीनं फार बारकाईनं बघत होती. तिच्या मागे चराईबंदीचा फलक आणि फलकाच्या मागे, आश्रुबाच्या वाट्यात, पोटापर्यंत गवतात उभी गयाबाईची गाय. दावं सोडलेलं. गयाबाई लिंबाखाली. आश्रुबा दगडावर बसून तंबाखू मळत होता, गाईकडे पाठ करून.

मी गाईकडे पाहिलं, मग शीतलच्या पाठीकडे, मग आश्रुबाच्या पाठीकडे.

"पलीकडचा वाटा बी मोकळा हाय," आश्रुबा तळहाताशी बोलल्यासारखा म्हणाला. "चार-आठ दिसांनी तिकडं. मग त्याच्या पलीकडं. विळा कुनाच्या वाट्यात पडला न्हाई पायजे, बास."

एवढ्यात फोन वाजला. दादा फडातून बोलत होता. "दत्ता शेजारी उभा हाय. आईनं वाटा पेटवला ते कळलंय त्याला. गाय बाजारात कुणी नेणार, असं विचारतोय."

"अण्णा," मी आश्रुबाला म्हटलं, "दत्ता गाईचं विचारतोय. काय सांगू?"

आश्रुबानं तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली, मान न वळवता.

"कंची गाय?"

त्याच्या मागे कचाकच गवत तुटत होतं. मी फोन कानाला लावला. "दादा, त्याला सांग, इथं कुणाला गाय दिसतच नाहीये. मग बाजारात नेणार कोण?"